जहाजाचा बाजा

अन्याय झाला तो गोलाईतल्या घड्याळजींवर. केला आपण, म्हणजे लातूरच्या आपल्याच वाचनालयानं. कधी, तर निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते सव्वानऊ. पंधरा मिनिटांत आटोपलं. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि ठरावाची भाषा माझी होती. तेव्हा या लेखात मी कोणाला झोडपलं तर त्यातला पहिला फटका माझा मलाच आहे, हे समजून वाचा.

घड्याळजींचं नाव लिहीत नाही. "माझं नाव छापलंस तर तुझ्या घड्याळाला जन्मात हात लावणार न्हाई," असा निरोप त्यांनी नांदेडहून पाठवला आहे. माझं घड्याळ रोज दहा मिनिटं मागं पडतं, त्यामुळे मला ही धमकी परवडत नाही.

पण तुम्ही त्यांना पाहिलं आहे. गोलाईच्या गोल बाजाराला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकाच्या तोंडाशी त्यांची टपरी होती. समोर काचेच्या पेटीत घड्याळं, मागं फळीवर दुरुस्तीला आलेले ग्रामोफोन. तबकडी पाकिटातून काढताना ते ती बोटांनी धरत नसत. दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलून, काठोकाठ भरलेलं ताट आणावं तशी आणत. दाराच्या उजेडात तिरकी करून बघत, हळूच फुंकर मारत आणि समोरच्याकडं न बघता म्हणत, "आधी ऐका, मग शिव्या द्या."

शिव्या द्यायला लोक तयारच असत. कारण भोंग्यातून जे बाहेर पडे त्याला ना मुखडा ना अंतरा. पाच-सात वाद्यं एकदम सुरू होत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्पष्ट म्हणालो, "काका, ही तर आमच्या कार्यकारिणीची सभा झाली. कोणी कोणाचं ऐकत नाही."

"नीट ऐक, पत्रकराव," ते म्हणाले. मी पत्रकं वाटत फिरे म्हणून हे नाव. "हे लोक एकमेकांचं ऐकून राहिले. एक बोलतो, दुसरा त्याची थट्टा करतो, तिसरा समजूत घालतो. तुमच्या सभेत तेवढंच होत न्हाई."

या तबकड्या त्यांना मिळत कशा? आसपासच्या गावांतले देशमुख, जमीनदार हैदराबादेहून ग्रामोफोन आणत. दुकानदार त्याबरोबर चार-दोन विलायती तबकड्या गळ्यात मारी. त्या घरात कोणी लावत नसे. यंत्राची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली की घड्याळजींना बोलावणं येई. काम झालं, मालकानं विचारलं काय द्यायचं, की यांचं उत्तर ठरलेलं.

"तुम्हाला नको असलेली तबकडी द्या."

"नको असलेली?"

"हाव. जी लावली की घरातली माणसं उठून जातात, ती."

औशाकडच्या एका देशमुखीणबाईंनी हे आतून ऐकलं आणि ओरडून सांगितलं, "अहो, मग दोन न्या की! आन् जमलं तर आमच्या भाऊजींनापण घेऊन जा, त्यांच्यामुळंबी लोक उठून जातात."

अशा बारा वर्षांत एकतीस तबकड्या जमल्या. "नावाजलेल्यांच्या तबकड्या मुंबईत कोणीबी देईल," ते म्हणत. "माझ्याकडं जे हायत ना, त्यांचं नाव त्यांच्या गल्लीतबी कोणाला ठाऊक नसंल." इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून तबकड्यांना त्यांनी स्वतःच नावं ठेवली होती. एक 'रुसलेली मामी', एक 'चिखलातली बैलगाडी'. आणि एक 'लंगडा घोडा'. या लंगड्या घोड्याचा मधला कागद निम्मा फाटलेला होता, वाजवणारा कोण ते कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीला कोणीतरी पाय आपटून चार ठोके देतो. त्यातला तिसरा ठोका किंचित उशिरा पडतो. मग एक कॉर्नेट, म्हणजे बँडमधली आखूड पितळी तुतारी, सुरू होतं, आणि घड्याळजी हातातला चिमटा खाली ठेवत. घड्याळं तेवढा वेळ बंद.

नव्या तबकड्या त्यांनी आयुष्यात एकदाच मागवल्या. मुंबईहून, सहा; एकतिसांत त्या धरल्याच आहेत. लातूरच्या करोडगिरीच्या नाक्यावर पेटी अडली. आजच्या पोरांना सांगायला हवं, करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. बाहेरून सुई आणली तरी नोंद व्हायची. नाक्यावरच्या कारकुनानं विचारलं, "इसमें किसके गाने हैं?"

"जाज," घड्याळजी म्हणाले. जॅझ हा शब्द त्यांना असाच ठाऊक होता.

आता आपल्याकडं जहाजालाही लोक जाजच म्हणतात. कारकुनानं उर्दूत एक अक्षर वाढवलं आणि लिहिलं, 'जहाज का बाजा, छे नग'. वरच्या साहेबानं वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे मियाँ, रियासत में समंदर किधर है?"

"लिख दिया सो लिख दिया, हुजूर."

मग दोघांनी मिळून दरांचा तक्ता काढला. कापूस होता, काच होती, सुपारी होती. जहाजाच्या सामानाचा दर नव्हता, कारण संस्थानाला दर्याच नव्हता. तासभर खल झाला आणि पेटी फुकट सुटली. निजामाच्या कारभारात माणसाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं हे एकच उदाहरण. तेव्हापासून गोलाईत घड्याळजींचं नाव 'जहाजवाले' पडलं. ते चिडले नाहीत. उलट गिऱ्हाइकाला विचारत, "बसता का जहाजात? टिकीट न्हाई."

मी मात्र चिडे. तरुण होतो, अजून आहे. इकडं सभेला परवानगी नाही, मराठी शाळा काढायला परवानगी नाही, आणि हा माणूस गोऱ्यांचा नाच ऐकत बसतो! एकदा तोंडावर म्हणालो, "काका, हे गुलामीचं लक्षण आहे."

"असंल," ते म्हणाले. "पत्रकं कुठं लपवतो हल्ली?"

 आमची लपवायची जागा आठवड्यापूर्वीच पोलिसांनी खणून काढली होती.

"आण इकडं," ते म्हणाले. आणि त्यांनी आमची बंदी घातलेली पत्रकं तबकड्यांच्या कागदी पाकिटांत सरकवली. एका पाकिटात चार, घडी न घालता. "या तबकड्यांना कोण हात लावतंय?"

हात लागला. कोणीतरी चहाडी केली आणि एका सकाळी पोलिसांचा अमीन, म्हणजे तिथला फौजदार, दोन जमादारांसह टपरीत शिरला. मी समोरच्या दुकानात उभा होतो. जमादारानं घड्याळांची पेटी उपसली, ग्रामोफोन उलटे केले. मग अमीनसाहेबांचं बोट पाकिटांकडं गेलं.

"ये क्या है?"

"जहाज का बाजा, हुजूर. सरकारी नोंद हाय. आधी ऐका, मग शिव्या द्या."

घड्याळजींनी वरची तबकडी स्वतःच काढली, पाकीट पत्रकांसकट बगलेत धरलं, चावी दिली आणि सुई ठेवली. 'रुसलेली मामी' सुरू झाली. अमीनसाहेबांनी पाऊण मिनिट सोसलं. "ये कैसा जहाज है?"

"हुजूर?"

"ये तो डूब रहा है! बंद कर!"

"अजून तीस हायत हुजूर, एकेक लावून दाखवतो."

अमीनसाहेब पायरी उतरून रस्त्यावर होते. एक जमादार मात्र रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "वो बीच में रोता कौन है?" घड्याळजी म्हणाले, "क्लारिनेट." जमादार मान हलवून गेला. पुढं तो दर शुक्रवारी येऊन बसत असे.

या झडतीनंतर मीच घाबरलो. टपरीवर नजर राहणार, तबकड्या वाचनालयाच्या कपाटात ठेवू, असं मीच सुचवलं. घड्याळजींनी एकतीसच्या एकतीस स्वतः आणून दिल्या, दोन-दोन करून, तळव्यांवर तोलून, सोळा खेपा घालून. पत्रकं आम्ही काढून घेतली आणि वाटली. तबकड्या कपाटात राहिल्या. आणि त्याच महिन्यात मी वाचनालयासाठी एका ठरावाचा मसुदा लिहिला. 'परदेशी चैनीच्या वस्तूंस या संस्थेत थारा नसावा.' माझ्या डोळ्यांपुढं चिनीमातीच्या कपबश्या होत्या. शब्द झणझणीत वाटले म्हणून तसेच ठेवले, सही केली आणि मसुदा चिटणिसांच्या टेबलावर ठेवून दिला.

अक्षय्य तृतीयेला नांदेडला घड्याळजींच्या भाचीचं लग्न होतं. त्यांचं मूळ घर तिथलंच, होळी भागातलं. मला नांदेडला पत्रकांचा एक गठ्ठा पोचवायचा होता आणि लग्नाच्या पाहुण्याची झडती कोणी घेत नाही, म्हणून मीही गेलो.

नवरदेव बँडसह आला. लाल कोटातले आठ वाजंत्री. त्यांत एक म्हातारा, सत्तरीच्या आसपासचा, मूळचा गोव्याचा. मुलगी नांदेडच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तिच्याकडं राहायला आलेला आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवणारा. कोट त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा. हातात कॉर्नेट. घड्याळजी पाहुण्यांना पन्हं देत होते. म्हाताऱ्यानं नवं गाणं सुरू करायच्या आधी पाय आपटला. एक, दोन, मग जरा थांबून तीन, चार.

पन्ह्याचा तांब्या माझ्या हातात आला तो कसा, मला आठवत नाही. घड्याळजी बँडपुढं जाऊन उभे राहिले. बँड चालू लागला तसे तेही चालू लागले, उलटे, म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत. मुलीचा मामा नवरदेवापुढं पाठमोरा चालत येतोय हे बघून वरपक्षाची माणसं हसू लागली.

पुढं तर कहरच झाला. मुहूर्त जवळ आला, मुलीला बोहल्यावर आणायला मामा हवा आणि मामाचा पत्ता नाही. त्यांची बहीण शोधत मांडवाबाहेर आली. मामा बाजेवाल्यांच्या बाकावर बसलेले.

"दादा! पोरगी तिकडं नटून उभी, भटजी बोंबलून राहिले, आन् तू इथं बाजेवाल्यांत!"

"आलो, आलो. यांच्या तिसऱ्या ठोक्याचं विचारत होतो."

"लग्न लागल्यावर विचार की तिसरा ठोका! आधी पोरगीला आण!"

त्यांनी भाचीला आणलं, अक्षता पडल्या, आणि मंगलाष्टकाचा शेवटचा शब्द संपायच्या आत हे परत बाकावर.

तिसऱ्या ठोक्याचं कारण साधं होतं. तरुणपणी म्हातारा बोटीच्या शिडीवरून पडला होता, गुडघा नीट वळत नव्हता. पंक्ती उठल्यावर घड्याळजींनी त्याला लाडू दिला आणि विचारलं, "बाबा, आपण कधी तबकडी भरली होती का?"

"एकदा. मुंबईत," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी बोट होती. बोटीवर वाजवायचा मी, साहेबलोकांसाठी. परत आलो तेव्हा दुकानवाला बोलला, कोण घेत नाय. फेकून दिल्या."

"मग ऐकली का न्हाई?"

"कशी ऐकणार? बोट सुटली ना."

घड्याळजींनी डोळे मिटले आणि 'लंगडा घोडा' गुणगुणायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं लाडू खाली ठेवला.

"हे कुठं ऐकला तू?"

"लातुरात."

"लातूर कुठं आला?"

या प्रश्नाचा मला राग यायला हवा होता. आला नाही.  म्हाताऱ्यानं कॉर्नेट उचललं आणि तीच धून वाजवली. मांडवात पानं खात बसलेली माणसं, उष्टी काढणाऱ्या बाया, सगळे आधी हसले, मग बोलायचे थांबले. त्याचा दम पुरत नव्हता. सूर मध्येच तुटे. तो थांबे, श्वास घेई, आणि सूर जिथं पडला तिथून न उचलता जरा बाजूनं येऊन उचली. घड्याळजी इतके खूश की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

मग त्यांनी करोडगिरीचा किस्सा सांगितला. म्हातारा खो खो हसला. मग म्हणाला, "पण त्या माणसानं बरोबर लिहिला हा. मला हे शिकवला तो अमेरिकेचा काळा माणूस होता, मुंबईत हाटेलात वाजवायचा. तो बोलायचा, आमच्या आज्याच्या आज्याला साखळी घालून जहाजात भरला आनि नेला. कोण कुठला, काय भाषा, सगळा गेला. हा बाजा तेवढा त्यांनी नंतर केला. जहाजाचाच बाजा हा."

घड्याळजींनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. गुलामीचं लक्षण म्हणणारा मी, गठ्ठा काखेत धरून खाली मान घालून बसलो होतो.

"आठ दिवसांत तुमची तबकडी घेऊन येतो," घड्याळजींनी म्हाताऱ्याला शब्द दिला. "यंत्रबी आणतो. तुम्ही तुम्हाला ऐका एकदा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं आम्ही निघालो. नऊ वाजता मोटार अहमदपूरला थांबली, आम्ही भजी खाल्ली. घड्याळजी रस्ताभर बोलत होते. तबकडी कशात गुंडाळायची, मोटारीत मांडीवर धरायची की उशीवर. आम्ही भजी खात होतो तेव्हा लातुरात माझा मसुदा वाचून दाखवला जात होता.

आम्ही मोटारीतून उतरून थेट वाचनालयात गेलो. कपाटात नवी पुस्तकं होती.

"तबकड्या?" मी विचारलं.

"दिल्या की वाटून," चिटणीस म्हणाले. "पुस्तकांना जागा नव्हती. तुमचाच ठराव लावला, परदेशी चैनीच्या वस्तू. सभासदांनी नेल्या घरी दोन-दोन, तीन-तीन. उन्हाळा आहे, माठावर झाकण म्हणून उत्तम बसतात हो. अगदी मापात!"

"कोणी किती नेल्या, लिहून ठेवलंय?"

"झाकणं काय लिहून ठेवायची?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, सभासदांना आठवत असेलच. घड्याळजी मात्र कपाटापाशी गेले, एक पुस्तक काढलं, चाळलं, परत ठेवलं. "चांगली पुस्तकं आणली," म्हणाले. आणि बाहेर येऊन पायरीवर बसले.

मी म्हणालो, "चला काका, आत्ताच्या आत्ता घरोघर जाऊ."

"न्हाई."

"अहो, म्हातारा वाट बघतोय!"

"वैशाखाचं ऊन हाय, पत्रकराव. लोकांच्या पिण्याच्या पाण्यावरचं झाकण कसं मागायचं? पाऊस पडू दे."

पाऊस पडेपर्यंत ते थांबले नाहीत. आठ दिवसांचा शब्द दिला होता, तो मोडून म्हाताऱ्याला एकटं ठेवणं त्यांना जमलं नसावं. पंधरवड्यात टपरी रिकामी करून, एक ग्रामोफोन तेवढा घेऊन ते नांदेडला गेले. आता तिथंच घड्याळं दुरुस्त करतात. गोलाईतल्या टपरीत सध्या बांगड्या मिळतात. परवा एक जुना जमादार तिथं उभा राहून आत डोकावत होता. बांगडीवालीनं विचारलं, "कोणत्या मापाच्या?" तो निघून गेला.

पावसाळ्यात मी घरोघर हिंडलो. पुढं गडबडीचे दिवस आले, ते सरले, राज्य गेलं, मी पुन्हा हिंडलो. बावीस तबकड्या मिळाल्या. सात गेल्या. काही फुटल्या, काही चुलीवर तापवून, वाकवून त्यांच्या फुलदाण्या केल्या आहेत, आणि ती घरं मला ठाऊक आहेत. दोन तबकड्यांचा पत्ता नाही. त्यांतली एक 'लंगडा घोडा'.

गेल्या महिन्यात नांदेडला जाऊन आलो. दोघं ओट्यावर बसले होते, मध्ये ग्रामोफोन, त्यावर तबकडी नाही. घड्याळजी तोंडानं 'लंगडा घोडा' म्हणत होते, अगदी सुईच्या खरखरीसकट. "हं, इथं खर्रर्र. आन् इथं तुम्ही वर जाता."

"मी वर नाय गेला," म्हातारा म्हणाला. "मी खालीच होता."

"वर गेला. बारा वर्षं ऐकलंय मी."

"वाजवला मी आनि सांगतोस तू!"

"तुम्ही वाजवलं, पण ऐकलंय कुठं?"

म्हाताऱ्याची मुलगी दारातून म्हणाली, "रोज हेच चालतं. परवा दोघं जेवले नाहीत याच्यावरून." आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आता बाबांना कॉर्नेट फुंकवत नाही. डावा कान गेलाय. उजव्यानं अजून ऐकू येतं.

आता सभासदहो, तुम्हाला सरळ सांगतो. ती तबकडी तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात आहे. मधला कागद निळा, निम्मा फाटलेला. कडेला नखाएवढा टवका. हे वाचून झालं की उठा आणि माठाजवळ जा. माठ नसेल तर पिठाचा डबा बघा, लोणच्याची बरणी बघा, माळा बघा. सापडली की सुई लावून बघू नका, धुऊ नका, लाजून लपवू तर मुळीच नका. वाचनालयात आणून द्या. रोज संध्याकाळी मी दारातच बसलेला असतो. तुमच्या पाण्यासाठी पितळेचं झाकण मी देतो, पण तबकडी द्या. आणि उद्या नको, आज द्या. नांदेडची मोटार पहाटे सुटते.